कण्याचा अभ्यास एका मणक्यापासून सुरू करा

तुम्ही ३३ मणक्यांची यादी पाठ करायला घेतली आहे. माझे ऐकाल तर ती काही दिवस बाजूला ठेवा आणि कमरेच्या एकाच मणक्याची प्रतिकृती हातात घ्या. पुढचा जाड, मूत्रपिंडासारख्या आकाराचा भाग वजन पेलतो, त्यामागे हाडाची कमान असते, आणि या दोहोंमध्ये उरलेल्या छिद्रात करंगळी घालून पाहिली की एकावर एक रचलेल्या अशा छिद्रांमधून मज्जारज्जूची (मेंदूपासून पाठीत उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोरीची) नळी कशी तयार होते, हे लगेच उमगते. मागे निघालेला काटा म्हणजे पाठीवरून हात फिरवताना बोटांना लागणारे टोक.

एवढे पक्के झाले की बाकीचे मणके खुणांवरून ओळखा:

- मानेचे ७: दोन्ही बाजूंना निघालेल्या हाडाच्या आडव्या फाट्यांत छिद्र.
- छातीचे १२: बरगड्या टेकण्यासाठी गुळगुळीत खळगे.
- कमरेचे ५: यांपैकी काहीच नाही, आकार मात्र सर्वांत भक्कम.

त्याखालच्या त्रिकास्थीचे (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचे) आणि माकडहाडाचे मणके प्रौढांमध्ये आपापसांत जुळलेले असतात. ते नंतर पाहता येईल.

नवशिक्यांची हमखास चूक मानेपाशी होते. तेथे मणके ७ असले तरी मज्जातंतूंच्या जोड्या ८ असतात, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते आणि आठवी सातव्याच्या खालून. दुसरी चूक म्हणजे मज्जारज्जू तळापर्यंत जातो असे समजणे. प्रौढांमध्ये तो साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. अस्थिबंध (हाडांना हाडे बांधणारे पट्टे) आणि स्नायू यांना तूर्त हात लावू नका.