बाबांना डिप्रेशन आलंय, की ते खचलेत?

"डायलिसिस सुरू झाल्यापासून बाबा सारखं म्हणतात, आता काय उरलंय? डिप्रेशनची गोळी सुरू करायची का?" एका रुग्णाच्या मुलीचा हा प्रश्न. दीर्घ आजार असलेल्या घरांतून तो नेहमी येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाबा साठीचे, जन्मभर लेथवर काम केलेले. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. मान खाली, उत्तरं तुटक. पण नातवाच्या सायकलचा विषय निघाला आणि चेन का उतरते ते दोन्ही हातांनी दाखवत त्यांनी रंगून सांगितलं. मग पुन्हा, "पण आता माझ्या हातून काय होणार?"

निदानाचा धागा इथेच सापडतो. नैराश्यात बहुधा समोरच्या आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही. खचलेल्या माणसाचं लागतं, मात्र पुढची वाट दिसत नाही आणि आपल्याला काही जमेल यावरचा विश्वास उडतो. भूक, झोप, थकवा यांवरून ठरवू नये; मूत्रपिंडाच्या आजारात ते सगळं बिघडतंच. दोन्ही एकत्रही असू शकतं.

आधी शरीराकडे पाहायचं. रात्री पायात गोळे येत होते, अंगाला खाज होती. ते किडनीच्या डॉक्टरांना कळवलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेतलं. त्रास चालू असताना समजुतीचे शब्द पोचत नाहीत.

मग थेट विचारलं, "स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. नुसत्या खचलेपणातही हा धोका असतो. "तसं नाही, पण ओझं झालोय," ते म्हणाले. असं उत्तर आलं की प्रत्येक भेटीत पुन्हा विचारायचंच.

"सगळ्यात जड काय जातं?" यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाणीसुद्धा मोजून देतात." घरच्यांनी मायेपोटी त्यांच्या हातातलं सगळंच काढून घेतलं होतं. "हिंमत धरा" म्हणणाऱ्यांनी त्यात भर घातली. त्याने माणूस आणखी एकटा पडतो.

डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसभराचं पाणी सकाळी स्वतः बाटलीत भरायचं, एवढंच पहिलं काम. ते अंगवळणी पडल्यावर रोजचं वजन वहीत लिहिणं, मग फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडतात ती जागा) बोटं ठेवून रक्तप्रवाहाची थरथर तपासणं. ती जाणवली नाही तर लगेच डायलिसिस सेंटरला फोन. तिन्ही कामं एकदम सोपवली की एखादं राहतं आणि "बघा, जमत नाही" हेच पक्कं होतं.

गोळीबद्दल मुलीला सांगितलं ते असं: दोन आठवडे जवळजवळ दिवसभर उदासी राहिली, नातवातही रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मूत्रपिंड निकामी असताना काही औषधांचा डोस बदलावा लागतो, म्हणून परस्पर काही देऊ नका. मरणाची भाषा किंवा डायलिसिसला नकार आला, तर त्यांना एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.