आकड्यांनी चालते, नावाने अडते

वाचकांचे प्रश्न : घरचे नेटवर्क

प्रश्न : जुन्या संगणकावर लिनक्स बसवून तो मी घरचा राउटर म्हणून वापरत आहे. फायरवॉल आयपीटेबल्स या लिनक्सच्या साधनाची असून इनपुट (राउटरकडे येणारे), आउटपुट (राउटरकडून निघणारे) आणि फॉरवर्ड (राउटरमधून पलीकडे जाणारे) या तिन्ही चेनचे, म्हणजे नियमांच्या साखळ्यांचे, मूळ धोरण ‘ड्रॉप’ (परवानगी नसलेले पॅकेट टाकून देणे) ठेवले आहे. राउटरवरच डीएनएसमास्क हा नेमसर्व्हर (नावावरून आकडी पत्ता सांगणारा) चालतो आणि घरातील सर्व उपकरणे नावांची विचारणा त्याच्याकडे करतात. पिंगसाठी (पत्ता पोचतो का ते पाहणाऱ्या चाचणीसाठी) दोन्ही दिशांना परवानगी आहे. नावांच्या विचारणेचे पोर्ट ५३ हे युडीपीसाठी (जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीसाठी) डेस्टिनेशन पोर्ट म्हणून इनपुट आणि आउटपुट या दोन्ही चेनमध्ये मोकळे केले आहे. ८.८.८.८ या बाहेरच्या आकडी पत्त्याला पिंग जाते, पण कोणतेही नाव सापडत नाही. फायरवॉल बंद केली की नावे लगेच सापडू लागतात. नियमांत काय चुकले असावे?

उत्तर : निम्मे निदान आपल्या पत्रातच आले आहे. आकडी पत्त्यावर पिंग जाते, त्या अर्थी बाहेरची जोडणी आणि मार्ग ठीक आहेत. फायरवॉल उठवल्यावर नावे सापडतात, त्या अर्थी डीएनएसमास्कही आपले काम चोख करतो आहे. राहता राहिले नियम, आणि त्यांतही नियमांची दिशा. ‘पोर्ट ५३ मोकळे केले’ असे आपण सर्वच जण सहज म्हणतो; मात्र प्रत्येक युडीपी पॅकेटवर सोर्स आणि डेस्टिनेशन असे दोन पोर्ट लिहिलेले असतात, आणि विचारणा जाताना जो डेस्टिनेशन असतो तोच उत्तर परतताना सोर्स होतो.

आपल्या राउटरवरून एका नावाची विचारणा कशी फिरते ते पाहू. फोन एखादा मोठ्या क्रमांकाचा पोर्ट, समजा ४९८१२, स्वतःसाठी निवडतो आणि तेथून राउटरच्या पोर्ट ५३ कडे पॅकेट पाठवतो. हे पॅकेट इनपुट चेनमधून आत येते. डेस्टिनेशन ५३ असल्याने आपला नियम त्याला सोडतो. डीएनएसमास्कला उत्तर ठाऊक नसल्यास तो बाहेरच्या नेमसर्व्हरला विचारतो. हे पॅकेट आउटपुट चेनमधून जाते, त्याचेही डेस्टिनेशन ५३, म्हणून तेही सुटते. आता बाहेरून उत्तर येते. त्याचा सोर्स ५३ आणि डेस्टिनेशन डीएनएसमास्कने निवडलेला कोणता तरी मोठा पोर्ट. इनपुट चेनमध्ये त्याला लागू पडणारा एकही नियम नाही, त्यामुळे मूळ धोरणानुसार ते टाकून दिले जाते. समजा ते कसेबसे पोचले असते, तरी फोनकडे जाणारे अंतिम उत्तर पोर्ट ५३ वरून ४९८१२ कडे निघाले असते आणि आउटपुट चेनमध्ये त्याच कारणाने अडले असते. चार टप्प्यांपैकी जाण्याचे दोन मोकळे आणि परतीचे दोन बंद, अशी आपली स्थिती आहे.

माझ्या तर्कावर विसंबण्याऐवजी हे स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती. पहिली पडताळणी नियमांपुढील मोजणीची. आयपीटेबल्सची यादी सविस्तर आणि आकडी स्वरूपात मागवली की प्रत्येक नियमापुढे आणि प्रत्येक चेनच्या मूळ धोरणापुढे त्याला लागू पडलेल्या पॅकेटांची संख्या दिसते. यादी ‘आकडी’ मागवण्यास विसरू नये, कारण तो पर्याय दिला नाही तर यादी छापणारी आज्ञाच प्रत्येक पत्त्याचे नाव शोधू लागते आणि नावे सापडत नसलेल्या यंत्रावर ओळीओळीला रखडते. यादी अडकली म्हणून फायरवॉलच गोठली असा गैरसमज पुष्कळांचा होतो. मोजणी पाहून ठेवावी, फोनवरून एक नाव शोधावे आणि पुन्हा पाहावी. आपले दोन्ही ५३ चे नियम वाढलेले दिसतील आणि त्यासोबत इनपुटच्या ‘ड्रॉप’ धोरणापुढील आकडाही वाढलेला दिसेल.

दुसरी पडताळणी टीसीपीडंपची. लिनक्सवर येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे हे साधन आत येणारे पॅकेट इनपुट चेनच्या आधी पाहते आणि बाहेर जाणारे पॅकेट आउटपुट चेन ओलांडल्यानंतर पाहते. एवढे ध्यानात ठेवले की अडवणूक कोणत्या चेनमध्ये होते ते पाच मिनिटांत कळते. बाहेरच्या इंटरफेसवर विचारणा जाताना दिसली, उत्तर येताना दिसले आणि तरीही डीएनएसमास्क पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, तर दोष इनपुटचा. विचारणा मुळात दिसलीच नाही, तर आउटपुटमध्ये पाहावे. तिसरी युक्ती मला या दोन्हींहून अधिक आवडते : राउटरच्या होस्ट्स फाइलमध्ये प्रिंटरचे किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्राचे नाव घालून डीएनएसमास्कला ती फाइल पुन्हा वाचायला लावावी आणि तेच नाव फोनवरून शोधावे. याचे उत्तर डीएनएसमास्कजवळच असल्याने बाहेरचे दोन टप्पे गळून पडतात. तेही नाव सापडले नाही, तर फोन आणि राउटर यांच्यामधील परतीची वाटही बंद आहे हे सिद्ध होते.

आता दुरुस्ती. परतीच्या उत्तरांसाठी ‘सोर्स पोर्ट ५३ असलेले काहीही आत येऊ द्या’ असा नियम घालण्याचा मोह होईल आणि त्याने नावे सापडूही लागतील, परंतु हा नियम कृपया घालू नये. सोर्स पोर्ट पाठवणारा स्वतः ठरवतो; बाहेरच्या कोणीही आपले पॅकेट ५३ वरून पाठवले की आपल्या राउटरचा प्रत्येक युडीपी पोर्ट त्याच्यापुढे उघडा पडतो. जुन्या मार्गदर्शिकांत सोर्सही ५३ आणि डेस्टिनेशनही ५३ अशी जोडी आढळते. बाइंड या नेमसर्व्हर-सॉफ्टवेअरच्या फार जुन्या आवृत्त्या विचारणासुद्धा ५३ वरूनच पाठवत, त्या काळाचा तो अवशेष आहे. २००८ मध्ये सुरक्षा-संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की सोर्स पोर्ट ठरलेला असेल, तर खोटे उत्तर घुसवू पाहणाऱ्याला फक्त विचारणेवरचा १६ बिटांचा क्रमांक, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक, जुळवायचा उरतो. तेव्हापासून प्रत्येक विचारणेला वेगळा, यादृच्छिक सोर्स पोर्ट वापरण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आहे, आणि तो पोर्ट आधी ठाऊक नसल्यामुळे त्याचा क्रमांक लिहून नियम करता येत नाही.

योग्य मार्ग कनेक्शन ट्रॅकिंगचा. तिन्ही चेनच्या अगदी आरंभी ‘एस्टॅब्लिश्ड’ (आधीच्या विचारणेचे उत्तर) आणि ‘रिलेटेड’ (तिच्याशी संबंधित) स्थितीतील पॅकेटांना परवानगी द्यावी. युडीपीमध्ये जोडणी अशी नसते हे खरे, तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) बाहेर गेलेल्या विचारणेची नोंद ठेवतो (साधारणपणे ३० सेकंद) आणि त्याच पत्त्यावरून त्याच पोर्टांच्या जोडीने आलेले उत्तर ओळखतो. त्यानंतर लूपबॅक इंटरफेसला (यंत्राच्या स्वतःशीच बोलण्याच्या वाटेला) दोन्ही दिशांनी पूर्ण मोकळीक द्यावी, कारण राउटर स्वतःसाठी नाव शोधतो तेव्हा तो बहुधा १२७.०.०.१ लाच विचारतो आणि ही अंतर्गत फेरीही याच चेनमधून जाते. मग आउटपुटमध्ये डेस्टिनेशन ५३ ला युडीपी व टीसीपी (जोडणी बांधून पाठवण्याची पद्धत) दोन्हींसाठी परवानगी आणि इनपुटमध्येही तशीच, मात्र केवळ घरच्या बाजूच्या इंटरफेसवरून. आपल्या आजच्या इनपुट नियमात इंटरफेसचा उल्लेख नाही, म्हणजे बाहेरचे जगही आपल्या डीएनएसमास्कला विचारणा करू शकते. परतीच्या वाटा बंद होत्या म्हणून ते आजवर निभावले. त्या उघडल्यावर हा नियम तसाच राहिला, तर आपला राउटर दुसऱ्यांवरील हल्ल्यांत उत्तरांचा मारा करण्यासाठी वापरला जाऊ शकतो.

क्रमाविषयीही थोडे. आयपीटेबल्स वरून खाली वाचते आणि पहिला लागू पडणारा निर्णायक नियम अंतिम मानते, त्यामुळे शेवटी जोडलेली परवानगी आधीच्या सरसकट ‘ड्रॉप’ नियमाखाली गेली तर ती असून नसल्यासारखी होते. तिची मोजणी शून्यावर राहते, हीच तिची खूण. दूरवरून लॉगइन करून बदल करत असाल तर नवे नियम न पटल्यास जुने आपोआप परत आणणारे आयपीटेबल्स-अप्लाय वापरावे, आणि सर्व जुळल्यावर नियम जतन करावेत, कारण रिबूटनंतर ते आपसूक टिकत नाहीत.

प्रश्न : मी राउटरवर अनबाउंड हा नेमसर्व्हर बसवला आहे. बहुतेक नावे सापडतात, पण काही ठरावीक नावांना दर वेळी ‘सर्व्हफेल’ (उत्तर काढता आले नाही) येते. तीच नावे सार्वजनिक नेमसर्व्हरला विचारली की उत्तर मिळते. युडीपी ५३ मोकळे आहे आणि कनेक्शन ट्रॅकिंगचा नियमही आहे.

उत्तर : पत्रात टीसीपीचा उल्लेख नाही, आणि माझा पहिला संशय तेथेच आहे. १९८७ च्या मूळ मानकानुसार युडीपीवरील उत्तर ५१२ बाइटांपर्यंतच असू शकत होते. पुढे ईडीएनएस या विस्तारामुळे ही मर्यादा वाढवता आली, तरी उत्तर मावले नाही की सर्व्हर ते कापून ‘अपुरे’ अशी खूण करून पाठवतो आणि विचारणाऱ्याने तीच विचारणा टीसीपीवर करावी अशी अपेक्षा असते. ‘टीसीपी ५३ फक्त नेमसर्व्हरांच्या आपसातील झोन-नकलेसाठी (नोंदींची संपूर्ण प्रत घेण्यासाठी) लागतो’ हा समज अजूनही फिरत असतो. तो चुकीचा आहे. अनबाउंड डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरे असल्याची खात्री देणाऱ्या, सह्या मागवून तपासतो, सह्यांमुळे उत्तरे फुगतात, आणि म्हणूनच अडचण ठरावीक नावांपुरती दिसते. राउटरवरून डिग या नावे विचारणाऱ्या आज्ञेला टीसीपीचा पर्याय देऊन त्या नावाच्या मूळ नेमसर्व्हरला थेट विचारावे. टाइमआउट आला तर आउटपुटमध्ये टीसीपी ५३ मोकळे करावे.

त्याने भागले नाही तर तुकड्यांकडे वळावे. मोठे युडीपी उत्तर वाटेत तुकडे होऊन येते तेव्हा पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यावर असतो, आणि पोर्ट पाहून निवाडा करणारी साधी फायरवॉल पुढचे तुकडे टाकून देते. आपल्या लिनक्स राउटरवर कनेक्शन ट्रॅकिंग तुकडे आधी जोडून घेते, त्यामुळे हा दोष असला तर बाहेरच्या मोडेमच्या अंगभूत फायरवॉलमध्ये असण्याचा संभव अधिक. अनबाउंडची ईडीएनएस मर्यादा १२३२ बाइट ठेवावी. २०२० च्या ‘डीएनएस फ्लॅग डे’ने सुचवलेला हाच आकडा आहे.

एक आडवळणाचे कारणही नोंदवून ठेवतो. उद्या ‘काही’ ऐवजी सह्या असलेली सर्वच नावे नापास होऊ लागली, तर यंत्राचे घड्याळ पाहावे. सह्यांना आरंभ आणि अखेरची वेळ असते. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेली छोटी यंत्रे सुरू होताना चुकीच्या तारखेवर असतात, आणि फायरवॉलमध्ये एनटीपीचा (वेळ जुळवण्याच्या पद्धतीचा) युडीपी १२३ बंद असेल किंवा वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नावच सापडत नसेल, तर ती तारीख सुधारतच नाही. वेळ चुकली म्हणून नाव नाही आणि नाव नाही म्हणून वेळ नाही, असा हा पेच एका वेळ-सर्व्हरचा आकडी पत्ता नोंदवून ठेवल्याने सुटतो.

प्रश्न : माझ्या लिनक्स लॅपटॉपवर प्रत्येक नवे संकेतस्थळ उघडण्याआधी सुमारे पाच सेकंद थांबते, मग झटकन उघडते.

उत्तर : पाच सेकंद हा आकडाच बोलका आहे. नेमसर्व्हरांची यादी असलेल्या रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये वेगळे काही लिहिले नसेल, तर सामान्य लिनक्स प्रणाली एका नेमसर्व्हरची तेवढाच वेळ वाट पाहून पुढच्याकडे वळते. फाइलमधील पहिला नेमसर्व्हर फायरवॉलने अडवलेला आहे का, हे डिगने त्याला एकट्याला विचारून पाहावे. असल्यास तो काढावा. घरच्या बाजूला ‘ड्रॉप’ऐवजी ‘रिजेक्ट’ वापरणे मला अधिक श्रेयस्कर वाटते, कारण नकार तत्काळ कळतो आणि ताटकळणे वाचते. पहिला नेमसर्व्हर नीट उत्तर देत असेल, तर दुसरी शक्यता अशी की आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्ही पत्त्यांच्या विचारणा एकाच सॉकेटवरून लागोपाठ जातात आणि काही राउटर त्यांपैकी एकाचेच उत्तर परत पोचवतात. त्याच फाइलमध्ये ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय घालून फरक पडतो का ते पाहावे.

प्रश्न : घरातील सर्व उपकरणांनी माझाच नेमसर्व्हर वापरावा म्हणून बाहेर जाणारे पोर्ट ५३ फॉरवर्ड चेनमध्ये बंद केले. तरीही काही फोन आणि ब्राउझर त्याला वगळून जातात.

उत्तर : ते एन्क्रिप्टेड विचारणा करत असावेत. टीएलएसवरील डीएनएस टीसीपी ८५३ वरून जाते, ती फॉरवर्डमध्ये अडवता येते. अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’ची मांडणी ‘स्वयंचलित’ असेल तर फोन मुकाट्याने आपल्या नेमसर्व्हरकडे परततो, पण तेथे विशिष्ट सर्व्हरचे नाव लिहिले असेल तर फोनला एकही नाव सापडणार नाही आणि तक्रार आपल्याकडेच येईल. एचटीटीपीएसवरील डीएनएस मात्र ४४३ वरूनच जाते आणि पोर्ट पाहून ती इतर वेब वाहतुकीपासून वेगळी काढता येत नाही. फायरफॉक्सपुरती एक सोय आहे : ‘यूज-अ‍ॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ या नावाला आपल्या नेमसर्व्हरने ‘असे नाव नाही’ असे उत्तर दिले, तर आपोआप चालू झालेली ही सुविधा तो ब्राउझर बंद ठेवतो. वापरणाऱ्याने ती स्वतः चालू केली असेल तर तो हे जुमानत नाही, आणि तेथे फायरवॉलचे नियम वाढवत बसण्यापेक्षा त्या व्यक्तीशी बोलून घेणे लवकर होते.