गावात इनडोअर हॉल बांधाचा हाय? आधी सातबारा पाहा

भाऊ, नकाशा-बिकाशा मंग, पयले जागा कोनाच्या नावावर हाय ते पाह्य. गावठान, गायरान का शाळेची, त्याच्यावरच सारं अडते, आमचा प्रस्ताव दोन वर्ष याच्यातच फिरत राह्यला. ग्रामसभेचा ठराव घे, १ मे नाही त १५ ऑगस्टच्या सभेत, पोरी-बायकाइले बोलाव, नाही त हॉल फक्त पोरांचा होते.

मापाचं म्हनशीन त बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १०, आजूबाजूले मोकळी जागा येगळी, अन् उंचीत कंजूषी करू नको, शटल छताले लागते. नुसते टिन टाकले त मे मैन्यात ४५ डिग्रीत आत भट्टीच, वरून हवा जायाले जागा ठेव.

पैसा एकाच दारातून येत नाही बाप्पा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडं व्यायामशाळा अन् क्रीडांगण विकासाचं अनुदान असते, आमदार निधी हाय, खान जवळ असन त खनिज निधी, कंपनीच्या सीएसआरमंधी (सामाजिक कामासाठी ठेवलेला पैसा) ग्रामीन खेळ बसतेत. पन लाइटबिल अन् झाडझुड कोन भरन हे आधीच लिहून घे, उद्घाटनाले सारेच येतेत.