सायकलचं कुलूप आधी काढा

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी २४ वर्षांची. उपयोजित कलेची पदवी. दोन वर्षांपासून एका जाहिरात संस्थेत ग्राफिक डिझायनर, पगार १८ हजार. तिचा चुलतभाऊ हिंजवडीत चौपट कमावतो. हिला काही महत्त्वाकांक्षाच नाही. रविवारी पहाटे सायकल घेऊन पांडवलेणीला जाते आणि दगडावरची अक्षरं वहीत काढत बसते. दुकानांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढते. गच्चीवर कुंड्या, डब्यात नागलीची (नाचणीची) भाकरी, रात्री दहाला झोपायचं खूळ. शेवटी तीन महिन्यांपूर्वी मी सायकल जिन्याखाली साखळीनं बांधली आणि ओळखीच्यांकडून घरी कामं आणू लागलो, म्हणजे रात्रीचा वेळ तरी सत्कारणी लागेल. आता पावणेदोन लाखांचा यूएक्सचा (अ‍ॅप, वेबसाइट वापरायला सोपी करण्याच्या डिझाइनचा) कोर्स लावावा की बँकेच्या परीक्षेला बसवावं? ता. क. अलीकडे ती रात्री हात झटकत उठते. मोबाईलमुळे असावं."

तुमचा प्रश्न कोर्सचा आहे. मी मात्र ता. क. पाशी अडकले आणि तिथून पुढे सरकायला मन घेईना. चार पानांच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सही झाल्यावर लिहिलं आहे.

रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागणं हे मनगटातली नस दाबली जात असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं हलवणारे स्नायुबंध जातात आणि त्यांच्याच सोबत एक मोठी नस जाते. तासन्‌तास मनगट वाकवून काम केलं की तिथं सूज येते आणि नस चेपते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, आणि झोपेत मनगट मुडपलं गेलं की त्रास वाढतो. मी डॉक्टर नाही. थायरॉईडमुळेही असं होतं, बी-१२ कमी असलं तरी हात बधिर होतात, त्यामुळे हेच असेल असं मी म्हणणार नाही. पण लवकर दाखवलं तर बऱ्याचदा रात्री पट्टा बांधणं, विश्रांती आणि कामाची बैठक सुधारणं यावर भागतं. अंगावर काढलं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू झिजू लागतो, पकड जाते, आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. ज्या मुलीचं पोट उजव्या हातावर आहे तिच्याबाबत "मोबाईलमुळे असावं" म्हणून विषय संपवता येत नाही.

तुम्ही आणलेल्या कामांची यादीही पत्रात आहे. मित्राच्या मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, सोसायटीच्या सत्यनारायणाचं आमंत्रण, कुणाचं व्हिजिटिंग कार्ड. प्रत्येकी दोनशे-तीनशे रुपये. ऑफिसातून साडेसातला आलेली मुलगी दिवाणावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून, रात्री एक-दीडपर्यंत "फोटो जरा मोठा करा, काकांचं नाव वर घ्या" करत बसते. एका फ्लेक्सला तीन तास धरले तर तासाला जास्तीत जास्त शंभर रुपये पडतात. त्या शंभर रुपयांसाठी तिची झोप गेली आहे आणि हात जाऊ घातला आहे. हे तुम्ही तिच्या भल्यासाठी केलंत यावर माझा विश्वास आहे. पण स्पष्ट लिहिते, तिच्या करिअरचं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं नुकसान या तीन महिन्यांत झालं आहे.

आणि ते कुलूप. चोवीस वर्षांच्या, कमावत्या मुलीची सायकल बापानं साखळीनं बांधायची? मी हे वाक्य दोनदा वाचलं. तिनं भांडण केलं नाही असं तुम्ही समाधानानं लिहिलंय. मला त्याचीच जास्त काळजी वाटली. मुलं गप्प होतात तेव्हा पटलेलं असतंच असं नाही, कित्येकदा त्यांनी सांगणं सोडून दिलेलं असतं.

आता तुमच्या मनातला मोठा गैरसमज. डिझायनरचं काम म्हणजे संगणकासमोर बसणं, आणि सायकल, वही, पाट्या, कुंड्या म्हणजे टाइमपास, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांचं हेच मत असतं. एक प्रसंग सांगते. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका मुलाला द्राक्ष निर्यातीच्या खोक्याचं काम मिळालं होतं. त्यानं झाकणावर सुरेख घड काढला, नाव ठसठशीत लिहिलं, पडद्यावर सगळ्यांना आवडलं. मग तो दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये सहज म्हणून गेला. तिथं खोकी एकावर एक रचून पॅलेट बांधलेलं, थंड खोलीत छताजवळ पोचलेलं. झाकण कुणाला दिसतच नव्हतं! दिसत होत्या फक्त बाजूच्या अरुंद पट्ट्या, त्याही हवेसाठी पाडलेल्या भोकांनी तुटलेल्या, आणि त्यानं त्या पट्ट्यांवर काहीच केलं नव्हतं. परत येऊन त्यानं नाव दोन भोकांच्या मधल्या जागेत बसवलं. हे त्याला खुर्चीत बसून सुचलं नसतं. डिझायनर जे बघून, हाताळून, फिरून गोळा करतो तेच पुढं पडद्यावर उतरतं. एआयनं चित्रं काढायला सुरुवात केल्यापासून तर हे गोळा केलेलंच त्याच्याजवळ स्वतःचं असं उरतं.

तुमची मुलगी काय गोळा करते आहे ते बघा. पांडवलेणीतली ती अक्षरं ब्राह्मी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीनं कोरवून घेतलेला लेख आहे, आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचं वर्णन करणारा, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीच्या वंशातली. म्हणजे तुमची मुलगी रविवारी सकाळी अक्षराचं मूळ हातानं गिरवून बघत होती. मराठीत सध्या याचाच दुष्काळ आहे. इंग्रजी अक्षरांना शिरोरेषा चिकटवून केलेले लोगो आणि जोडाक्षरं तुटलेल्या पाट्या गावभर दिसतात. जुन्या दुकानांच्या पाट्या पेंटरनं ब्रशनं रंगवलेल्या, त्यातला 'ळ' आणि 'क्ष' किती तब्येतीनं काढलेला असतो ते ती टिपते आहे. विंडोजमध्ये मराठी वाचायला वर्षानुवर्षं वापरला गेलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींनी केला. ते आधी जाहिरात क्षेत्रात होते, पुढं आयआयटी मुंबईत त्यांनी शिकवलं. हा रस्ता अस्तित्वात आहे, आणि तुमची मुलगी कुणी न सांगता त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आहे.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तुम्ही कुटुंबासह गेलाच असाल. दादासाहेब १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, छापखाना चालवला. तुमच्या मुलीच्याच क्षेत्रातला माणूस. सिनेमाचा ध्यास लागल्यावर रात्रंदिवस बघणं, वाचणं, प्रयोग करणं सुरू झालं, झोप जेमतेम तीन तासांवर आली आणि ताणानं काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, म्हणून १९१३ साली भारताला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मिळाला. ही गोष्ट सांगताना लोक जागरणाचं कौतुक करतात, डोळे वाचवणाऱ्या डॉक्टरांची आठवण क्वचितच निघते. मला ते खटकतं. दहाला झोपणारी, घरचा डबा नेणारी, रविवारी चढ चढणारी डिझायनर पंचेचाळिसाव्या वर्षीही काम करत असेल. आणि नागलीला खूळ काय म्हणता? पेठ-सुरगाण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या रोजचं जेवण आहे ते.

परीक्षांचं एका ओळीत: बँकेची तिला द्यायची नाही हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो विषय संपला. पदव्युत्तर डिझाइनसाठी आयआयटी मुंबईकडून होणारी सीड ही प्रवेश परीक्षा आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा आहे, दोन्हींसाठी तिची पदवी चालते, आणि सीडला वयाची अट नाही. पावणेदोन लाखांचा कोर्स आत्ता नको. यूएक्समध्ये प्रमाणपत्रापेक्षा केलेलं काम आणि त्यामागचा विचार बघतात, आणि तिला त्यात रस आहे की नाही हे पत्रात कुठंच नाही.

पगाराबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोन वर्षांच्या अनुभवाला १८ हजार कमी आहेत. तिनं वाढ मागावी, नाही मिळाली तर दुसरीकडं बघावं. त्यासाठी दहा-बारा चांगल्या कामांचा पोर्टफोलिओ लागेल, आणि त्यात वाढदिवसाचे फ्लेक्स नकोत. त्या वहीतली पानं हवीत.

येत्या आठवड्यात एवढं करा. घरी आणलेली कामं परत करा, ओळखीच्यांना तुम्ही स्वतः सांगा, तिला सांगायला लावू नका. हाडांच्या डॉक्टरांकडं तिच्यासोबत जा आणि ती डॉक्टरांशी बोलत असताना मध्ये बोलू नका. कोर्सच्या पैशातले थोडे काढून नीट उंचीचं टेबल-खुर्ची घ्या, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड आणि माऊस वेगळा जोडा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं हे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, त्यासाठी खिडकीतून गच्चीवरच्या कुंड्या दिसतील अशी जागा निवडा. सायकल डॉक्टरांना विचारूनच सुरू होईल, कारण हँडल धरताना भार मनगटावरच पडतो. तोवर पांडवलेणीला तुमच्या स्कूटरवरून जाता येईल. साखळी मात्र आजच काढा, चाकांत हवा भरा, किल्ली तिच्या हातात द्या.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुमच्या चार पानांत तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही.