अडीच वर्षांची मुलगी मोबाईलशिवाय जेवत नाही, काढून घेतला की आकांडतांडव करते. काय करू?

आमच्या लालबागच्या दीड खोलीत वर्षभर हेच चाललं होतं. मुलगा वरणभाताचा घास गालात धरून बसायचा, नजर मोबाईलवर. पोट भरलं की नाही हेच त्याला कळायचं नाही, खरी गोम तिथे आहे.

मोबाईल जेवणापुरता पूर्ण बंद केला. सगळ्यांनी एकत्र खाली बसायचं, काकडीच्या चकत्या, पोळीचे तुकडे त्याने स्वतःच्या हाताने खायचे. सांडेल म्हणून खाली पेपर. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, घास घेऊन मागे धावायचं नाही. पहिले चार दिवस असा टाहो फोडला की शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. त्या वेळी उपदेश करू नका. "राग आलाय ना तुला?" एवढंच म्हणा आणि जवळ बसा. पाचव्या दिवशी विरघळून मोबाईल दिलात, तर ‘जास्त रडलं की मिळतो’ एवढंच ती शिकेल. आजीलाही आधीच विश्वासात घ्या (आमच्याकडे पदराआडून पुरवठा चालू होता!).

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय: 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन, आणि किमान 3 तास हालचाल. घरात जागा नसेल तर संध्याकाळी शिवाजी पार्क, नाहीतर चाळीची गॅलरीसुद्धा चालते.

वजन वाढत नसेल किंवा दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.