आईचा एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसतोय, भोवती सूजही आहे. कशामुळे असेल?

आधी नुसती पापणी सुजलीय की डोळाच पुढे आलाय, ते बघा. आईंना खुर्चीत बसवा, मागे उभं राहून कपाळावरून खाली बघा. पुढे आलेला डोळा लगेच कळतो. वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा फोटोही शेजारी धरा. दोन्ही डोळ्यांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक डॉक्टर गांभीर्याने घेतात.

मोठ्या माणसांत बहुतेकदा थायरॉइड निघतं, एकच डोळा पुढे आला असला तरी. टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून विषय सोडू नका (लोक इथेच फसतात). थायरॉइडच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी आणि डोळ्याच्या खोबणीचा सीटी किंवा एमआरआय स्कॅन करावा लागतो. गाठ असेल तर स्कॅनमध्येच दिसते.

ताप, लाली, डोळा फिरवताना दुखणं, अंधुक दिसणं यांतलं काही असेल तर आजच हॉस्पिटल गाठा.