करार होऊनही काम का हलत नाही? विद्यापीठ आणि सरकारी कार्यालय यांच्यात अडतं कुठे?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एका अनुदानित महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवता. गावांतलं पिण्याचं पाणी तपासण्यासाठी तुमचं महाविद्यालय, विद्यापीठ आणि जिल्हा परिषद यांच्यात सामंजस्य करार झाला, त्याला दीड वर्ष उलटलं, भेटेल तो "चांगलं काम आहे" म्हणतो आणि अजून एकही नमुना घेतला गेलेला नाही. दोष माणसांचा की यंत्रणेचा, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बावीस वर्षं भूशास्त्र शिकवतोय. अशी दोन कामं मी स्वतः केली. पहिलं बुडालं, दुसरं अजून चालू आहे. दोन्हींत मला भेटलेली माणसं सारखीच होती, कष्टाळू आणि कामाच्या ओझ्याखाली दबलेली. म्हणून माणसांना दोष द्यायला मी तयार नाही. दोन संस्थांच्या मधलं काम कुणाच्याच नोंदवहीत बसत नाही. ज्याची नोंद नाही त्याला पैसा नाही, मुदत नाही आणि ते झालं नाही तर विचारणाराही कुणी नाही.

पहिल्या कामाचा करार जानेवारीत झाला. सह्या झाल्या, फोटो झाला. मग नस्ती, म्हणजे कामाची फाइल, लेखा शाखेत गेली आणि तिच्यावर एक ओळ आली: "सदर प्रयोजनासाठी लेखाशीर्ष नमूद नाही, स्पष्टीकरण व्हावे." ती ओळ लिहिणारा कर्मचारी चुकला नव्हता. बाटल्या, रसायनं आणि गाडीचं डिझेल यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे करारात आम्ही कुणीच लिहिलं नव्हतं. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असता तर वसुली त्याच्यावर आली असती. इकडे विद्यापीठानं कळवलं की बाहेरचा निधी स्वीकारायला व्यवस्थापन परिषदेची मान्यता लागेल आणि विषय पुढच्या बैठकीत ठेवू. या सगळ्यात ३१ मार्च उलटला, नवं आर्थिक वर्ष लागलं आणि नस्ती पुन्हा पहिल्या टेबलावर आली.

एप्रिल आणि मे म्हणजे बदल्यांचे दिवस. महाराष्ट्राच्या २००५च्या बदली अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, याच दोन महिन्यांत होतात. ज्या अधिकाऱ्यांनी हे काम उचलून धरलं होतं, त्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. भूजलाच्या अभ्यासाला तर मे महिनाच सगळ्यात मोलाचा. तेव्हा पाणी सर्वात खोल गेलेलं असतं, बऱ्याच विहिरींत क्षार वाढलेले दिसतात, आणि पाऊस पडून गेल्यावर ऑक्टोबरात त्याच विहिरीशी तुलना करता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी मोजते, ती याच कारणानं. आमचा मे हुकला. मे नाही म्हणून ऑक्टोबरलाही अर्थ उरला नाही. वर्ष गेलं आणि काम संपलं. पदव्युत्तर वर्गातल्या दोन मुलींनी त्यावर प्रबंध बेतला होता, त्यांना ऐनवेळी विषय बदलावा लागला. ते मला अजूनही लागतं.

आता आपल्या बाजूचंही सांगतो, कारण प्राध्यापक मंडळी सगळा दोष सरकारी कार्यालयावर टाकून मोकळी होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता काढून बघा. सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायला ११० गुण लागतात. विज्ञानातल्या शोधनिबंधाला ८ गुण, सल्लासेवेला ३, राज्य पातळीवरच्या धोरणविषयक दस्तऐवजाला ४. जिल्हा परिषदेला दिलेला चाळीस गावांचा तपासणी अहवाल यात कुठेच धड बसत नाही. आणि प्रकल्प संयुक्त असला की त्याचे गुण प्रमुख संशोधक आणि सहसंशोधक यांच्यात निम्मे निम्मे होतात. म्हणजे एकत्र काम केलं तर वाट्याला अर्धंच येतं, हे नियमातच लिहिलेलं आहे. तरुण सहकारी "सर, यंदा जमणार नाही" म्हणतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. त्याच्या घराचा हप्ता मी भरत नाही.

दुसरं काम तरलं ते याचमुळे, की आम्ही पैशाचा विषयच काढला नाही आणि नवीन असं काही मागितलं नाही. गावात जलसुरक्षक असतो. पाण्याचे नमुने घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवणं हे त्याचं ठरलेलं काम. त्याच फेरीत आमची मुलं त्याच्यासोबत जातील, एवढीच परवानगी आम्ही मागितली. नमुने, नोंदवही, वेळापत्रक सगळं त्यांचं. मुलांचा प्रवास महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून झाला. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, त्यामुळे मुलांचे उन्हातले दिवस गुणपत्रिकेतही उतरतात. दोन्ही संस्थांनी आपापल्या शीर्षातून खर्च केला. एक रुपयाही इकडून तिकडे गेला नाही, म्हणून एकही नस्ती अडली नाही.

खरं सहकार्य सुरू झालं ते मात्र एका भांडणातून. एकाच विहिरीतून दोन बाटल्या भरल्या होत्या. एक सरकारी प्रयोगशाळेत गेली, एक आमच्या विभागात आली. त्यांचं नायट्रेट लिटरला ५२ मिलिग्रॅम, आमचं ४१. भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा ४५. म्हणजे त्यांच्या हिशेबानं विहीर पिण्यास अयोग्य, आमच्या हिशेबानं योग्य. गावात बातमी पसरली, सरपंच दोन्हीकडे फोन करू लागले. आमच्या विभागात सगळ्यांना वाटलं, चूक त्यांचीच असणार. मग सरकारी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाई स्वतः आमच्या प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी उपकरणाकडे पाहिलंच नाही. आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. नमुना शुक्रवारी दुपारी घेतलेला, तपासला सोमवारी. "मधे कुठे होती बाटली?" आमच्या प्रयोगशाळा सहायकानं टेबलाखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं. मे महिना, पंखा बंद, तीन दिवस. बर्फाच्या पेटीत न ठेवलेल्या पाण्यात जिवाणू नायट्रेट खातात, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. पुढच्या फेरीपासून एकच पेटी, दोघांची एकसारखी चिठ्ठी, वर वेळ आणि दोघांच्या सह्या असं ठरलं. ते कोणत्याही करारात लिहिलेलं नाही, पण तेव्हापासून त्या बाई आमच्या मुलांना थेट फोन करतात.

मोठ्या पातळीवरही मला हेच दिसतं. महाविद्यालयांना स्थानिक विकासाच्या कामांशी जोडणारं उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ साली उच्च व तंत्रशिक्षण विभागानं सुरू केलं आणि आयआयटी मुंबईनं त्यात पुढाकार घेतला. त्यातून काही अभियांत्रिकी महाविद्यालयांना जलयुक्त शिवारच्या कामांचं मूल्यमापन करता आलं. जिल्हा प्रशासनाला ती तपासणी तशीही हवी होती, हे मला त्यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

आता तुमच्याविषयी. करार रद्द करू नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका. आधी तो काढून बघा की त्यात समन्वयक म्हणून व्यक्तीचं नाव आहे की पदनाम. नाव असेल तर दुरुस्तीपत्र काढून पदनाम घाला, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल. आकडे कुणाचे आणि प्रसिद्ध करण्याआधी कुणाला दाखवायचे, हे चार ओळींत लिहून घ्या. कार्यालयांना खरी भीती तिथेच असते. एखाद्या गावाचं पाणी वाईट निघालं आणि ते त्यांना आधी वर्तमानपत्रात वाचायला मिळालं, तर दार कायमचं बंद होतं. मात्र गावाला निकाल कळलाच पाहिजे, किती दिवसांत ते लिहा आणि त्या मुद्द्यावर मागे हटू नका. पाणी ती माणसं पितात.

आणि वरच्या साहेबांची वेळ मागण्याआधी तालुक्याच्या प्रयोगशाळेत जा. नमुन्यांची पुढची फेरी कधी आहे ते विचारा, चार मुलं आणि एक बर्फाची पेटी घेऊन त्या दिवशी सकाळी हजर राहा. पहिल्या फेरीचे आकडे हातात आले की इथे लिहा, तक्ता कसा मांडायचा ते मी सांगेन.